बालवाडी आणि जपणूक
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



‘शाश्वत विकास’ हा शब्द आता सर्वांच्या कानांवरून गेला आहे. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने त्याचा अर्थ सांगितला तो असा की, आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीच्या तोंडचा घास काढून नव्हे. आपण मात्र तो वृक्षारोपणापुरता आखडून टाकला आहे. जुलैत रोप लावायचे, फोटो काढायचा. मे महिन्यात ते रोप कुठे आहे, हे कोणी विचारीत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला यातून काय कळणार?

येथे मला कोसबाडची आठवण करून द्यावीशी वाटते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते जवळच्या कोसबाड टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. माँटेसरी पद्धतीची विकतची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. खडे, शिंपले, बिया, पाने यांवरच मुले मोजायला शिकली. मोठी बहीण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी अडकते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. निसर्ग, पैसा आणि माणूस या तिन्हींची जपणूक एकाच जागी झाली, आणि तीही वेळापत्रकात ‘पर्यावरण’ असा वेगळा तास न घालता!

आता आपल्या बालवाडीकडे वळतो. काही पालकांची सूचना आहे की, प्लॅस्टिकच्या साधनांचा संच विकत घ्यावा व त्यासाठी फी वाढवावी. सूचना मुलांच्या प्रेमापोटी आहे, हे मी जाणतो. परंतु वाढलेली फी ज्या घराला जड जाईल त्या घरचे मूल आधी गळेल, आणि बहुधा ती मुलगी असेल. चिंचोके, करवंट्या, शिंप्याकडच्या चिंध्या, रिकामे डबे आपल्याकडे काय कमी आहेत? (चिंचोके मात्र बाईंच्या नजरेसमोरच द्यावे लागतील. मुले ते नाकात घालतात, हे अनुभवी मातांना सांगायला नको.) फाटलेली बाहुली टाकण्याऐवजी मुलांसमोर शिवली, तर तो धडा कोणत्याही तक्त्याहून मोठा आहे.

शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी येत्या सोमवारी अर्धा तास द्यावा. चिंध्या शाळेत गोळा झालेल्या आहेत. सुई-दोरा तेवढा घरून आणावा.