लाजेच्या नावावर किती ढकलायचं?



आपल्या मानसोपचारवाल्यांच्या प्रत्येक अधिवेशनात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘समाजात जागृती नाही, लोक लाजतात, म्हणून येत नाहीत.’ वाक्य खोटं नाही, पण आपल्या फार सोयीचं आहे. सगळा दोष न आलेल्या माणसावर जातो आणि आपण नामानिराळे राहतो.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे फार निराळं चित्र असेल असं म्हणायला मी तरी धजणार नाही. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी काही ना काही मानसिक विकार होता आणि विकारानुसार त्यांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते.

लाज आहेच, ती कोण नाकारतंय? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आपली सरकारी मनोरुग्णालयं आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन गावांची नावं आपण वर्षानुवर्षं चेष्टेत वापरली. ‘ह्याला येरवड्याला धाडा’ असं म्हणत जी पिढी हसली, तिला चाळिशीत स्वतःची झोप उडाल्यावर मानसोपचारतज्ज्ञाची पाटी सोपी कशी वाटेल? धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं असतं, ऑफिसात बढतीची यादी निघायची असते. शिवाय पुरुषाने कसं, सगळं गिळून उभं राहायचं!

पण ‘उपचारांविना’ म्हणजे हातावर हात ठेवून बसलेला माणूस नव्हे. छातीत धडधडतं म्हणून तो ईसीजी काढतो. अंगात त्राण नाही म्हणून बी-बाराची इंजेक्शनं घेतो, सलाईन लावून घेतो. पोटात कालवतं म्हणून सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काही झालेलं नाही तुला.’ मग कुणीतरी देवऋषी सुचवतो. आपली वर्षाची फी होईल एवढा पैसा यात जातो. मदत तो मागतच असतो. ज्या दारात मागतो ते दार त्याच्या वाटेवर असतं, संध्याकाळी उघडं असतं आणि तिथून बाहेर पडताना कुणी दिसलं तरी काही सांगावं लागत नाही.

आता आपल्या दाराशी काय होतं ते बघू. आडगावचा शेतमजूर जिल्हा रुग्णालयात येतो. त्याची मजुरी बुडते, सोबत आलेल्या बायकोचीही बुडते, एसटीचं भाडं वेगळं. केसपेपरच्या रांगेत तास जातो. मग कळतं, मानसोपचाराची ओपीडी उद्या आहे. दुसऱ्यांदा आल्यावर पाच मिनिटं मिळतात आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं, दुपारी डोळे मिटायला लागतात. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, हे त्या पाच मिनिटांत सांगायचं राहून गेलेलं असतं. शेजारी म्हणतो, ‘सवय लागते, जन्मभर सुटत नाही.’ गोळ्या फडताळात पडतात. आपल्या रजिस्टरात नोंद होते : पुन्हा आला नाही.

शहरातली अडचण वेगळी. तासाला हजार-दीड हजार रुपये, तेही आठवड्याला, तेही किती आठवडे ते कुणी सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं. पण बहुतेक पॉलिसी चालतात रुग्णालयात दाखल झाल्यावर. समुपदेशनाची फी ज्याची त्याने भरायची.

मग लोक येतात कशाने? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ उपक्रमाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन, छोट्या बैठका घेऊन बोलणं सुरू केलं. समुपदेशन गावाजवळ आणलं आणि ज्यांना गरज होती त्यांची डॉक्टरांशी गाठ घालून दिली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षाने २७.२ टक्के झालं. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’त छापून आलं आहे. गावं तीच, भावकी तीच, चार लोक काय म्हणतील ही धास्तीही तीच. बदललं ते अंतर, आणि सांगणारा माणूस. (चारांतले जवळजवळ तीन तरीही आले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. टाळ्या बेतानेच वाजवाव्यात.)

सांगणारा कोण, हे आपण फार हलक्यात घेतो. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. ‘मीही पीत होतो’ म्हणणाऱ्यासमोर जो पुरुष तोंड उघडतो, तो माझ्या पदव्यांच्या चौकटीखाली मिठाची गुळणी धरून बसतो. दारू पिणारा सहसा आपणहून येत नाही, त्याला बायको आणते, आई आणते. म्हणजे पहिला फोन करणारी बहुतेकदा ती असते, आणि आपल्याकडे तिला उत्तर मिळतं, ‘पेशंटलाच बोलू द्या.’

२०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे तोंड न दाखवता मराठीत बोलता येतं. पण फोन ठेवल्यावर जवळ कुठे जायचं, याचं उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना उशिरापर्यंत उघडा ठेवणं, फी आणि अंदाजे किती भेटी लागतील ते फोनवरच सांगणं, गोळ्या सुरू केल्यावर आठवड्याच्या आत आपणहून चौकशी करणं, याला ना सरकारी अनुदान लागतं ना जागृती सप्ताह.

आपलं दार कुठे अडतं ते बघण्यासाठीच उद्या सकाळचं पहिलं सत्र राखून ठेवलं आहे, त्यात शोधनिबंध नाहीत. पहिल्या भेटीत आपण जो फॉर्म भरून घेतो, तो प्रत्येकाने आणायचा आहे. या शहरातल्या काही आशाताईंना बोलावलं आहे. त्या हे फॉर्म मोठ्याने वाचतील आणि कुठल्या प्रश्नावर माणूस उठून जाईल ते सांगतील. आपण मध्ये बोलायचं नाही. ज्यांनी फॉर्म आणला नसेल त्यांनी आज रात्रीच दवाखान्यातून व्हॉट्सॲपवर मागवून घ्यावा. प्रिंट काढायची सोय नोंदणी कक्षात आहे.