तीर्थाची परीक्षा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



यात्रेहून आणलेले तीर्थ आपण तान्ह्या बाळापासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या मुखी घालतो. म्हणून ते पिण्यास योग्य आहे की नाही हे पाहणे, ही अश्रद्धा नसून आपले कर्तव्यच होय.

गंगाजल नासत नाही, असे आपण ऐकत आलो. त्यास काही आधारही आहे. १८९६ साली हॅन्किन या शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे दाखविले. पुढे जंतुभक्षक विषाणूंचा शोध लागला. परंतु हे भक्षक ठराविक जंतूंचाच नाश करतात. सांडपाण्यातून येणारे सर्व रोग त्यांच्याने हटत नाहीत.

सरकारी मानकानुसार स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे २५०० पर्यंत मलजन्य जंतू चालतात. पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही. तेव्हा स्नानास योग्य ते पानास योग्य, असे समजू नये.

परीक्षा सोपी आहे. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या कुपीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवावी. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडल्यास ते मलदूषित समजावे. रासायनिक दोष मात्र या कुपीत कळत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

परीक्षा होईपर्यंत तीर्थ प्रोक्षणास वापरावे. प्राशन करणे असल्यास खळखळून उकळावे. देवापुढचे दूध आपण तापवतोच. त्याने त्याचे पावित्र्य उणावत नाही.

आपल्या यात्रेकरूंच्या प्रत्येक तुकडीबरोबर मंडळाने अशा चार कुप्या द्याव्यात, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.