व्हॉट्सॲप ग्रुप आणि खासगी माहिती

व्हॉट्सॲपवर माणसाची ओळख ठरते ती मुख्यतः मोबाइल नंबरावरून. ग्रुपमध्ये नाव घातले, की तो नंबर अनोळखी सदस्यांनाही दिसू शकतो, आणि एका ग्रुपमध्ये 1024 जण मावतात. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे, हे 2019 पासून सेटिंगमध्ये ठरवता येते.

2016 पासून इथले संदेश सांकेतिक रूपात जातात. ते घेणाऱ्याच्याच फोनवर उलगडतात, मधल्या सर्व्हरला वाचता येत नाहीत. कोणाचा कोणाशी, केव्हा संपर्क झाला, ही माहिती मात्र या संरक्षणात येत नाही. आणि तीही माणसाबद्दल पुष्कळ सांगून जाते.

माहिती फुटते ती बऱ्याचदा माणसांच्याच हातून. सोसायटीच्या ग्रुपवर नव्या भाडेकरूच्या आधार कार्डाचा फोटो पडतो. कोणीतरी तो पुढे धाडतो. टाकणाऱ्याने नंतर ‘सर्वांसाठी डिलीट’ केले, तरी पुढे गेलेली प्रत तशीच राहते. ज्याचे कार्ड, त्याला विचारलेलेही नसते, आणि हे गैरच आहे. ओळख पटवण्यापुरते कार्ड हवे असेल, तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.