अंत्युखियाची पंगत



 आद्य ख्रिस्ती मंडळीतील ज्या प्रसंगाविषयी मला आज बोलावयाचे आहे, तो पौलाने गलतीयातील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रात, अजून न निवळलेल्या क्षोभाने, मोजक्या ओळींत सांगितला आहे.

ओरोंतेसच्या काठी सिल्यूकसाने वसविलेले अंत्युखिया हे रोमी अमदानीत सिरिया इलाख्याचे मुख्य ठाणे होते. तेथील मंडळीच्या धुरीणांत कुप्राचा बर्णबा होता, कुरेनेचा लूक्य होता, निगर म्हणविला जाणारा शिमोन होता, आणि हेरोदाच्या सहवासात वाढलेला मनाएनही होता. यहूदी व यहूदीतर तेथे एका पंगतीस बसू लागले. आणि ज्यांस धड यहूदी म्हणता येईना, धड ग्रीकही म्हणता येईना, अशा या समुदायास ख्रिस्ती हे नाव प्रथम त्याच नगरात पडले, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

पेत्रही त्या पंगतीत बसत असे. परंतु यरुशलेमेहून, तेथील मंडळीचा धुरीण याकोब याच्याकडची काही माणसे आली, तेव्हा तो मागे सरला. त्याच्यामागून इतर यहूदी उठले आणि अखेर बर्णबाही उठला. पंक्तिभेद म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांस समजावून सांगण्याचे कारण नाही. तथापि पेत्रास भ्याड ठरवून आपण मोकळे होऊ नये. ज्या राजवंशाची अंत्युखिया ही राजधानी, त्याच वंशातील अंतियोखस एपिफानेसाच्या काळी, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, निषिद्ध अन्न न खाण्यापायी यहूद्यांनी प्राण दिल्याच्या कथा त्या समाजात आदराने सांगितल्या जात. अशा स्मृतींच्या छायेत वाढलेल्या मनास तो निर्बंध सैल करणे किती जड गेले असेल, याची कल्पना करावी. पौलाने यहूद्यांस यहूदीपण सोडावयास सांगितले नाही. त्याचा आक्षेप इतकाच, आणि तो मला निरुत्तर करणारा वाटतो, की श्रेष्ठांनी पंगतीतून उठणे म्हणजे मागे उरलेल्यांवर, कोणताही हुकूम न काढता, सुंतेची सक्ती करणे होय.

पेत्राने काय उत्तर दिले, हे पौल सांगत नाही. पौलाची सरशी झाली असती तर ती त्याने लिहिली असती, असा तर्क अनेक अभ्यासक करतात व मलाही तो पटतो. मात्र पौलाने तुटलेला धागा सोडला नाही. मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील दरिद्री बांधवांसाठी त्याने वर्गणी जमविली, आणि ती तेथे स्वीकारली जाईल की नाही या चिंतेने रोमच्या मंडळीस प्रार्थना करावयास विनविले. ही वर्गणी निव्वळ दानधर्म नव्हती. यरुशलेमेने ती घेणे म्हणजे देणाऱ्या परकीयांचे नाते मान्य करणे होते.

पुढे यरुशलेमेत इफिसच्या त्रफिमास मंदिराच्या आवारात नेल्याचा आळ पौलावर आला. आतील आवाराच्या कठड्यावर परकीयांस मज्जाव करणारे व तो मोडणारा आपल्या मृत्यूस स्वतःच जबाबदार राहील असे बजावणारे ग्रीक शिलालेख होते. त्यांपैकी एक 1871 मध्ये क्लेर्माँ-गानो यांस सापडला. त्रफिमाने तो कठडा ओलांडल्याचा पुरावा कोणी दिला नाही; नगरात पौलाबरोबर तो दिसला होता, एवढ्यावरून जमाव खवळला, आणि पौलाची जी कैद तेथे सुरू झाली ती त्यास थेट रोमपर्यंत घेऊन गेली.