लिनक्स प्रणाली आणि बाहेरची पॅकेजे : सुसंगतीची पारख

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणक प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा समाप्त झाला. तिच्या जागी आलेल्या 'विंडोज ११' ला तुलनेने नवा प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-चकती लागते. त्यामुळे शाळांतील व पंचायत कार्यालयांतील कित्येक धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. अशा संगणकांसाठी लिनक्स हा स्वाभाविक पर्याय होय. ती प्रणाली विनामूल्य मिळते, साध्या यंत्रावरही बरी चालते आणि तिचे सुरक्षाविषयक बदल नियमित येत राहतात.

प्रणाली बदलण्याचे काम एका दुपारचे असते. खरी कसोटी पुढच्या आठवड्यात लागते. छपाईयंत्र छापत नाही, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणक ओळखत नाही, किंवा वर्गात दाखवायचा एखादा कार्यक्रम आढळत नाही. मग उत्साही कर्मचारी इंटरनेटवरून मिळेल ते पॅकेज उतरवून घेतो आणि बसवू पाहतो. ते बसत नाही, किंवा बसते आणि दुसरेच काही मोडते. 'लिनक्स आपल्या कामाचे नाही' हा निष्कर्ष बहुधा याच क्षणी निघतो. वस्तुतः पॅकेज आपल्या प्रणालीशी जुळते की नाही, हे नशिबावर अवलंबून नसते. ते पॅकेजवरही लिहिलेले असते आणि प्रणालीतही. दोन्हीकडची नोंद ताडून पाहणे एवढेच काम असते, आणि ते बसवण्यापूर्वी करावयाचे असते.

लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहता प्रणालीच्या गाभ्याचे आहे. हा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याभोवती शेकडो कार्यक्रमांची गुंफण करून जी पूर्ण प्रणाली तयार होते, तिला वितरण म्हणतात. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले डेबियन हे यांपैकी एक मोठे घराणे. उबुंटू त्यातून निघाले आणि लिनक्स मिंट उबुंटूतून. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. या घराण्याची पॅकेजे 'डेब' या प्रत्ययाची असतात. रेड हॅट, फेडोरा आणि त्यांचे आप्त यांचे घराणे वेगळे. त्यांची पॅकेजे 'आरपीएम' प्रत्ययाची. एका घराण्याचे पॅकेज दुसऱ्यात बसवण्याच्या युक्त्या आहेत; पण कार्यालयाने त्यांच्या वाटेस जाऊ नये हे उत्तम.

बाहेर शोधायला निघण्यापूर्वी घरात पाहावे, हा साधा नियम येथे वारंवार मोडला जातो. प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. त्यातील हजारो पॅकेजे त्याच आवृत्तीसाठी बांधलेली व परस्परांशी जुळवून पाहिलेली असतात. मराठीपुरते बोलायचे, तर डेबियनच्या भांडारात लिबरऑफिसचा मराठी अनुवाद आहे, देवनागरी टंक आहेत, इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखनाची सोय आहे आणि छापील मराठी पानाचे अक्षरांत रूपांतर करणाऱ्या 'टेसरॅक्ट' चा मराठी भागही आहे. शाळेसाठी जीकॉम्प्री आणि आकाशदर्शनासाठी स्टेलॅरियम हेही तेथेच मिळतात. यांपैकी कशासाठीही परक्या दारी जाण्याचे कारण नाही. भांडारातील आवृत्ती थोडी जुनी असते, ही तक्रार खरी आहे. तथापि तिसरीच्या वर्गाला बेरीज शिकवण्यासाठी या महिन्यात निघालेली आवृत्ती लागत नाही.

तरीही काही वस्तू भांडारात नसतात, आणि तेव्हा त्रयस्थ उत्पादकाकडे जाणे भाग पडते. अशा वेळी पहिला प्रश्न आवृत्तीचा. आपली प्रणाली कोणती, हे 'ईटीसी' या निर्देशिकेतील 'ओएस-रिलीज' नावाच्या छोट्या फाइलीत स्पष्ट लिहिलेले असते. येथे मिंट वापरणाऱ्यांची हमखास फसगत होते. मिंट २२ चे सांकेतिक नाव 'विल्मा'. बाहेरच्या उत्पादकाच्या यादीत 'विल्मा' शोधली तर बहुधा सापडत नाही. कारण त्याने पॅकेज उबुंटू २४.०४ साठी बांधलेले असते आणि तिचे सांकेतिक नाव 'नोबल' आहे. मिंट २२ तिच्यावरच उभी असल्याने 'नोबल' चे पॅकेज तिला सामान्यतः चालते. मिंट २१ चा पाया मात्र उबुंटू २२.०४, म्हणजे 'जॅमी'. हा पाया त्याच फाइलीत 'उबुंटू कोडनेम' या ओळीत दिलेला असतो. 'बॉस' वापरणाऱ्यांनीही आपली आवृत्ती डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेली आहे, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न प्रोसेसरच्या जातीचा. 'डेब' फाइलीच्या नावात आधी पॅकेजचे नाव, मग आवृत्ती आणि शेवटी ही जात लिहिण्याचा प्रघात आहे. 'एएमडी६४' हा शब्द पाहून आपल्या संगणकात इंटेलचा प्रोसेसर असल्याने हे चालणार नाही, अशी पुष्कळांची समजूत होते. ती चुकीची आहे. इंटेल आणि एएमडी या दोन्हींच्या ६४ बिटी प्रोसेसरना तेच पॅकेज लागते. रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकांना 'एआरएम६४' लागते, आणि छपाईयंत्रांच्या कित्येक जुन्या चालक-प्रणाली या जातीसाठी बनवल्याच गेलेल्या नाहीत. शाळेसाठी असे संगणक घेताना ही चौकशी खरेदीपूर्वी व्हावी. ३२ बिटी यंत्रांचे दिवस तर सरलेच आहेत. गुगल क्रोमने ३२ बिटी लिनक्सचा पाठिंबा मार्च २०१६ मध्ये थांबवला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी गाभा व स्थापना-संच देणे बंद केले.

तिसरी बाब सर्वांत गुंतागुंतीची, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. पॅकेज एकटे येत नाही. त्याला दुसऱ्या पॅकेजांची, विशेषतः सामायिक ग्रंथिकांची गरज असते आणि ही गरज पॅकेजच्या माहितीपत्रात नोंदलेली असते. सातबारा पाहताना जाणता माणूस मालकाच्या नावावर न थांबता 'इतर अधिकार' या रकान्यातील बोजा आधी वाचतो. पॅकेजच्या अवलंबनांची यादी त्याच नजरेने वाचली पाहिजे. या ग्रंथिकांपैकी 'जीलिबसी' ही सर्वांच्या मुळाशी असते. उबुंटू २२.०४ मध्ये तिची आवृत्ती २.३५ आहे, तर २४.०४ मध्ये २.३९. जुन्या ग्रंथिकेवर बांधलेला कार्यक्रम नव्या प्रणालीवर साधारणपणे चालतो. नव्या ग्रंथिकेवर बांधलेला मात्र जुन्या प्रणालीवर अनेकदा सुरूच होत नाही. तेव्हा उत्पादकाने दोन आवृत्त्यांसाठी दोन पॅकेजे दिली असतील, तर 'नवे ते चांगले' हा न्याय येथे लावू नये.

याउलट उत्पादकाचे पॅकेजच जुने असले म्हणजे कसा प्रसंग येतो, याचे ठळक उदाहरण 'लिबएसएसएल १.१' चे आहे. संगणकांमधील सांकेतिक व सुरक्षित दळणवळणासाठी लागणारी ही ग्रंथिका उबुंटू २२.०४ मधून काढून टाकण्यात आली व तिच्या जागी तिसरी आवृत्ती आली. अनेक बाहेरची पॅकेजे मात्र जुनीच मागत राहिली. तेव्हा लोकांनी मागील उबुंटूच्या भांडारातून ती ग्रंथिका उतरवून नव्या प्रणालीत बसवली. पॅकेज चालू झाले आणि सर्वांना हायसे वाटले. परंतु मूळ प्रकल्पाने त्या मालिकेचा सार्वजनिक पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवला. अशा रीतीने आणलेल्या ग्रंथिकेत पुढे आढळणारे दोष त्या संगणकात दुरुस्त न होता पडून राहतात. वर पाहता यंत्र अद्ययावत असते, आत मात्र एक दार उघडे राहते.

वेगवेगळ्या आवृत्त्यांची भांडारे एकत्र जोडून तयार होणाऱ्या अशा प्रणालीला डेबियनचे जाणकार थट्टेने 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. नरसिंहाचे रूप पुराणात शोभते. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकात शोभत नाही. अवलंबन पुरे होत नसताना सक्तीने बसवण्याची आज्ञाही उपलब्ध आहे. ती कार्यालयात वापरू नये. प्रणालीने दिलेला नकार ही अडवणूक नव्हे. नोंदी जुळत नसल्याची ती सूचना असते.

सुसंगतीइतकाच विश्वासाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'डेब' पॅकेज बसवताना त्याच्यासोबत आलेल्या लहान आज्ञावली प्रणालीच्या सर्वोच्च अधिकाराने चालतात. म्हणजे त्या क्षणी त्या अनोळखी उत्पादकाच्या हाती दप्तराच्या किल्ल्या दिलेल्या असतात. उत्पादकाचे भांडारच जोडून घेतले, तर हा अधिकार कायमचा होतो. म्हणून भांडाराची सांकेतिक स्वाक्षरी तपासणारी किल्ली उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी, आणि ती त्या एका भांडारापुरतीच लागू होईल अशा रीतीने नोंदवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये 'स्नॅप' या पॅकेज-भांडारात क्रिप्टो-चलनाच्या पाकिटांची बनावट पॅकेजे शिरली होती. भांडार नामांकित असले तरी त्यातील प्रत्येक उत्पादक नामांकित नसतो. मार्च २०२४ मध्ये तर 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुतः पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होताना दिसला, आणि त्या धाग्यावरून त्याने मूळ शोधले. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोहोचल्या होत्या. स्थिर शाखेत नव्हत्या. भांडारातील वस्तू थोडी जुनी असण्याचा हा लाभ सहसा कोणी मोजत नाही.

सुसंगत 'डेब' मिळतच नसेल, तर 'फ्लॅटपॅक' हा बरा मार्ग आहे. हे पॅकेज आपल्याला लागणाऱ्या ग्रंथिका स्वतःबरोबर किंवा सामायिक पायाच्या रूपाने आणते, त्यामुळे खालच्या प्रणालीच्या आवृत्तीशी त्याचा फारसा संबंध येत नाही. जागा मात्र जास्त लागते, आणि जुन्या लहान डिस्कवर ते जाणवते. 'अ‍ॅपइमेज' हा एकाच फाइलीचा प्रकार त्याहून सुटसुटीत आहे. पण तो बहुधा आपणहून अद्ययावत होत नाही, हे विसरले जाते. छपाईयंत्र किंवा टोकन यांच्या चालक-प्रणालीसाठी हे दोन्ही मार्ग सहसा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांना प्रणालीच्या आतपर्यंत पोहोचावे लागते.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथेच आहे. 'ई-ग्रामस्वराज' वरील देयके डिजिटल स्वाक्षरीने मंजूर होतात. टोकनची चालक-प्रणाली आणि ब्राउझरला स्वाक्षरी पुरवणारा कार्यक्रम, असे दोन दुवे तेथे जुळावे लागतात. पुरवठादाराला 'लिनक्सवर चालते का' असे मोघम न विचारता कोणत्या वितरणाच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या प्रोसेसरवर चालते, हे लेखी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर स्वाक्षरीपुरता एक संगणक पाठिंबा असलेल्या विंडोजवरच ठेवावा आणि बाकीचे लिनक्सवर न्यावेत. यात कमीपणा काही नाही. सर्वच यंत्रे एकदम बदलून महिनाअखेरीस मजुरांची देयके अडकवून ठेवण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर.

प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी 'अ‍ॅप्ट' या साधनाची 'सिम्युलेट' ही सोय अवश्य वापरावी. ती काहीही न बदलता काय होणार आहे ते दाखवते. किती नवी पॅकेजे येतील हे तर तीत दिसतेच, पण जी पॅकेजे काढून टाकली जातील त्यांची यादी अधिक बारकाईने वाचावी. एका पॅकेजसाठी दहा पॅकेजे निघत असतील, तर तेथेच थांबावे. बसवल्यानंतर पॅकेजचे नाव, ते कोठून घेतले, आवृत्ती आणि दिनांक यांची नोंद जडवस्तू नोंदवहीप्रमाणेच एका वहीत करावी. उबुंटूची प्रणाली पुढील आवृत्तीवर नेताना बाहेरची सर्व भांडारे आपोआप बंद केली जातात. ती पुन्हा सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने नव्या आवृत्तीसाठी पॅकेज दिले आहे की नाही, हे पाहावे लागते. तोवर मूळ कर्मचाऱ्याची बदली झालेली असते, आणि नव्या माणसाच्या हाती ती वहीच असते.