माझा रिपोर्ट आधी मला सांगा
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



केमोमुळे पाय बधिर झालेत, म्हणून बसूनच बोलते.

सहा वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. मग केमो, शेक, पाच वर्षं गोळ्या. त्या संपल्या तेव्हा घरी पेढे वाटले. गेल्या वर्षी पाठ दुखू लागली. स्कॅन केला. तोच कॅन्सर मणक्यात आला होता.

पण हे मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं. "बाईंना सांगू नका, खचतील." चार दिवस घरातले सगळे माझ्याशी फार गोड वागले. सासूबाईंनी आयता चहा हातात दिला, तेव्हाच मी ओळखलं. शेवटी वॉर्डातल्या शेजारणीच्या मुलीकडून फाइल वाचून घेतली. परक्या पोरीला कळलं, मग मला.

नवऱ्यावर माझा राग नाही. तोही घाबरला होता. पण 'माझं शरीर, माझा हक्क' ही घोषणा आपण मोर्चात देतो, ती हॉस्पिटलच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायची का?

समीरा कोहली खटल्यात एका बाईला तपासणीसाठी भूल दिली होती. तिला न विचारता, आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं, सज्ञान बाई स्वतः संमती देऊ शकत असेल, तर तिच्याऐवजी दुसऱ्याची चालणार नाही. तरी मला विचारतात, "मिस्टर कुठं आहेत? सही हवी."

मग मीच डॉक्टरांना विचारलं, "या उपचारानं मी बरी होणार, की दुखणं आवरणार?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आवरणार." हाडात पसरलेला आजार सहसा पुरता जात नाही, पण उपचारांनी ताब्यात ठेवता येतो. कित्येकजणी त्यासह वर्षानुवर्षं जगतात.

त्या रात्री मी रडले. पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या शिक्षणाचं ठरवलं, पासबुकावर तिचं नाव लावलं. कळलं म्हणून ठरवता आलं.

"काय चुकलं गं तुझं?" असं कुणी विचारलं की मी सांगते, काही नाही. उपास मोडला म्हणून कॅन्सर उलटत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा स्कॅन आहे. रिपोर्ट मी घेणार, सही मी करणार. हात धरायला मात्र कुणीतरी हवं. तुमच्यातली कोण येते माझ्याबरोबर?