अपेक्षा आणि अनुभव

शिक्षण संपवून नोकरीत किंवा धंद्यात पहिले पाऊल टाकणारा तरुण बहुधा एक हिशेब मनाशी बांधून येतो. शिकलेली विद्या नीट वापरली की पगार, मान आणि बढती ही ओळीने चालत येतील, असा तो हिशेब असतो. वर्ष-दोन वर्षांतच तो चुकतो. मग निराश झालेला तरुण एक तर स्वतःला नालायक ठरवितो, नाही तर जगाला दुष्ट म्हणतो. पुष्कळदा यांपैकी एकही गोष्ट खरी नसते. हिशेबच मुळात अपुरा असतो. अंगची विद्या हा व्यवसायाचा एक भाग झाला. तिच्याभोवतीच्या अडचणी हा दुसरा भाग होय, आणि तो कोणत्याही शाळेत शिकविला जात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १८६९ सालचा. त्यांना प्रथम व्हायचे होते चित्रकार. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही असे आढळले, आणि तो मार्ग खुंटला. पुढे त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला व मुंबईतच एका तांत्रिक शिक्षणसंस्थेत अध्यापकाची नोकरी धरली. तेथे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्यास मिळाली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावास भावाबरोबर सायकलींचा धंदा केला.

यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांकडे ते वळले. नांगर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन देऊ केली. तो निवडुंगाने भरलेला ओसाड माळ होता. तेथेच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. थोडी घडी बसते न बसते तोच १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला.

या अडचणींची यादी पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र कसे बनवावे, हा प्रश्न तीत फारसा नाहीच. शरीराची मर्यादा, वरिष्ठांचा पक्षपात, गिऱ्हाइकाचा अविश्वास, जागा आणि कच्चा माल हेच सारे प्रश्न आहेत. ज्या विद्येवर लक्ष्मणरावांची भिस्त होती, तिच्या बाहेरूनच संकटे आली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लक्ष्मणरावांनी सारेच सोसले असे नव्हे. चित्रकला त्यांनी सोडली, नोकरीही सोडली. नांगर मात्र सोडला नाही. डोळ्यांचा दोष प्रयत्नाने जाणारा नव्हता, आणि वरिष्ठांचे मन वळविणे हाताबाहेरचे होते. शेतकऱ्याची समजूत मात्र पालटू शकणारी होती. तिला लागणार होता तो वेळ. कोणती अडचण आपल्या श्रमाने हटेल आणि कोणती हटणार नाही, हा विवेक केवळ चिकाटीहून मोलाचा आहे. तो नसेल तर चिकाटीचा हट्ट होतो आणि सोडून देण्याची सवय जडते.

अर्थात, धीर धरणाऱ्या प्रत्येकाची किर्लोस्करवाडी उभी राहते, असे आश्वासन कोणी देऊ नये. तितक्याच कष्टाने बुडालेले कारखानेही असतात. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, इतकेच.

ज्या श्रोत्यांच्या घरची मुले यंदा कामाला लागणार असतील, त्यांनी पहिल्या पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी मुलांना दोन प्रश्न विचारावेत. या कामात विद्येखेरीज आणखी कशाशी गाठ पडणार आहे? आणि फळ दिसेपर्यंत किती काळ तग धरण्याची घरची तयारी आहे? उत्तरे गोड येणार नाहीत. परंतु ती आधी ठाऊक असली, म्हणजे पहिल्या दोन वर्षांतील अपयशाने मुलगा खचत नाही. नांगर विकला गेला नाही एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही, हे त्याला उमगलेले असते.